मोज्यावरचा नंबर

ह्यांची दुबईची नोकरी पक्की झाली, आणि तेव्हापासून घरात शाळेशिवाय दुसरा विषय नाही. तिथल्या परदेशी कुटुंबांची बहुतेक मुलं खासगी शाळांतच जातात. सीबीएसईच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या सप्टेंबरच्या सुमारास. केएचडीए ही सरकारी यंत्रणा शाळा तपासून श्रेणी देते. ते अहवाल मी रात्री वाचत बसते.

दुसरा पर्याय पाचगणीचा. १९२२ साली सुरू झालेलं संजीवन तिथलंच, आणि तशा निवासी शाळा तिथे आणखी बऱ्याच. लेकीचं मराठी टिकेल, आजी-आजोबा हाकेच्या अंतरावर राहतील, हे सगळं पटतं.

पण एका बोर्डिंगची कपड्यांची यादी आली आणि माझं मन तिथेच अडकलं. प्रत्येक कपड्यावर मुलीचा नंबर शिवून आणायचा. टॉवेलवर, उशीच्या अभ्र्यावर, मोज्याच्या जोडीतल्या दोन्ही मोज्यांवर. सहज एक जुना मोजा घेऊन आतल्या काठाला लाल दोऱ्यानं टाके घालून पाहिले. चिमूटभर जागा. सुई सारखी बोटाला लागत होती. कुणीतरी परकी बाई हा मोजा धुणार, नंबर बघून लेकीच्या कप्प्यात ठेवणार. त्या बाईचा मला हेवा वाटला.

श्रेणीच्या अहवालात शिकवणं, प्रगती, सुरक्षितता सगळं असतं. ताप आल्यावर लेक कुणाला हाक मारेल, हे मला कळायला हवं आहे. दुबईत ती माझ्याजवळ असेल, पण तिचं गाव तिच्यापासून सुटेल. आणि ते मोजायला माझ्याकडे काहीच नाही.

काल तिनं विचारलं, "आई, तिथे पाऊस पडतो का गं?"

कुठे, ते मी विचारलं नाही.