जॉनी इंग्लिशचा रुबाब

कबरस्तानात दफनविधी चालू आहे. काळ्या कपड्यांतली माणसं माना खाली घालून उभी आहेत. तेवढ्यात सुटाबुटातला एक गृहस्थ थेट शवपेटीपाशी येतो, रडणाऱ्यांना ढोंगी ठरवतो आणि पेटी ठोठावू लागतो. हा सगळा चोरांचा बनाव असल्याची त्याची बालंबाल खात्री आहे. खरी गोष्ट अशी, की पाठलाग करताना मधेच शववाहिका बदलली, आणि तो भलत्याच माणसाच्या अंत्ययात्रेत येऊन धडकला. हे लक्षात येतं त्या क्षणी रोवन अ‍ॅटकिन्सनचे डोळे पाहावेत. भीती, शरम आणि आपण ब्रिटनच्या गुप्तहेर खात्याचे अधिकारी आहोत हा अभिमान, तिन्ही एकाच चेहऱ्यावर जागेसाठी भांडत असतात.

मग मदतनीस बॉफ धावत येतो. हा वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला रुग्ण आहे, असं भासवून साहेबांना हाताला धरून घेऊन जातो. ‘जॉनी इंग्लिश’मधला (२००३) हा प्रसंग मला फार आवडतो. हसू तर येतंच, पण बॉफचा जीव साहेबांवर किती आहे हेही त्यात दिसतं. साहेब चुकले, हे तो जगाला कळू देत नाही. साहेबांनाही फारसं जाणवू देत नाही.

या पात्राचा जन्म झाला नव्वदच्या दशकातल्या बार्कलेकार्डच्या टीव्ही जाहिरातींत. तिथे अ‍ॅटकिन्सन रिचर्ड लॅथम नावाचा हेर रंगवायचा. त्यावरून सिनेमा उभा राहिला, तेव्हा पटकथा लिहिणाऱ्या तिघांपैकी दोघे होते नील पर्व्हिस आणि रॉबर्ट वेड. आदल्याच वर्षी आलेला ‘डाय अनदर डे’ हा बॉण्डपट याच जोडीचा. ज्या हातांनी बॉण्डला अदृश्य होणारी गाडी दिली, त्याच हातांनी जॉनी इंग्लिशची अ‍ॅस्टन मार्टिन टो करणाऱ्या ट्रकला लटकवली आणि तशीच लंडनच्या रस्त्यांवरून पाठलागाला धाडली! अ‍ॅटकिन्सनही या घराण्याला परका नाही. १९८३ च्या ‘नेव्हर से नेव्हर अगेन’मध्ये तो शॉन कॉनरीसमोर वकिलातीतला गोंधळलेला अधिकारी म्हणून उभा राहिला होता.

विडंबन करायचं तर मूळ कलाकृती अंगात मुरलेली असावी लागते. आपल्याकडे अत्र्यांनी केशवकुमार या नावाने ‘झेंडूची फुले’ लिहिली, ती रविकिरण मंडळाच्या काळातल्या कवितेची नस न् नस माहीत होती म्हणूनच. ज्याला ज्या गोष्टीचा नुसताच राग आहे, त्याने तिची टिंगल करावी. विडंबनाच्या वाटेला जाऊ नये.

अ‍ॅटकिन्सनचं गाड्यांवरचं प्रेम तर जगजाहीर. शिक्षणाने तो इलेक्ट्रिकल इंजिनिअर. न्यूकॅसलला पदवी घेतली, पुढे ऑक्सफर्डला शिकला. दुसऱ्या भागासाठी, म्हणजे २०११ च्या ‘जॉनी इंग्लिश रीबॉर्न’साठी, त्याने रोल्स-रॉइसकडून फँटममध्ये सोळा सिलिंडरचं प्रायोगिक इंजिन बसवून घेतलं. ही बारकाईची ओढ त्याच्या विनोदातही उतरते. याच भागात पंतप्रधानांसमोर गंभीर बैठक चाललेली असताना त्याची खुर्ची खाली जाते, वर येते, पुन्हा खाली जाते. चेहरा मात्र राष्ट्रीय सुरक्षेवरून तसूभर हलत नाही. एवढ्यावर तो आख्खा प्रसंग पेलतो. खुर्ची अर्धा सेकंद आधी खचली असती तर तो नुसता पोरखेळ झाला असता.

‘कॅसिनो रोयाल’मध्ये (२००६) बांधकामाच्या क्रेनवर उड्या मारणाऱ्या माणसाच्या मागे बॉण्ड जिवाच्या आकांताने धावतो. ‘रीबॉर्न’मधला तरुण हल्लेखोरही हाँगकाँगमध्ये तशाच उड्या मारतो. पन्नाशी उलटलेला इंग्लिश मात्र कुंपणावरून उडी मारायच्या ऐवजी फाटक उघडतो. धाप न लागता त्याला गाठतो. इथे मला त्याचं हसू येत नाही, कौतुक वाटतं. अनुभवी माणसाला असं जिंकताना पडद्यावर क्वचितच दाखवतात.

तसा पहिला भाग सगळीकडे सारखा जमलेला नाही. उत्तरार्धातले काही विनोद ओढूनताणून आणलेले वाटतात. जॉन मालकोविचचा फ्रेंच खलनायक सोव्हाज संपूर्ण ब्रिटनचा तुरुंग करायला निघतो. ती कल्पना जेवढी भन्नाट, तेवढी फुलवलेली नाही. पण शेवटचा राज्याभिषेक सगळं सावरून घेतो. सोव्हाजच्या डोक्यावर चढायचा मुकुट गडबडीत जॉनी इंग्लिशच्याच डोक्यावर येतो. आयुष्यभर सगळ्यांनी हसण्यावारी नेलेला हा माणूस क्षणभर खरोखरच इंग्लंडचा राजा असतो. त्या क्षणी तो करतो काय? सोव्हाजला अटक करायला लावतो आणि गादी राणीला परत देतो. बदल्यात एकच मागतो, आपल्याला ‘सर’ करावं. मुकुट ठेवून घ्यायचा विचार त्याच्या मनाला शिवतही नाही. म्हणूनच तीन भागांतल्या सगळ्या धांदरटपणानंतरही देशाचं रक्षण याच्या हाती द्यायला माझी काही हरकत नाही. फक्त बॉफला सोबत ठेवा.