माथेरानची हवा आणि हॉटेलची बेरीज

मैत्रिणींनो, सहलीला निघताना आपण काय काय मोजून घेत नाही? मुलांचे स्वेटर, पाण्याच्या बाटल्या, सासूबाईंच्या गोळ्या, वाटेत लागतील म्हणून दशम्या आणि लसणीची चटणी. शेवटी दाराला कुलूप लावताना पिशव्यांचे नगसुद्धा मोजतो! मी तर घरखर्चाच्या वहीत सहलीचं वेगळं पानच काढते. पण २०२५ च्या नाताळात माथेरानला जाऊन आले आणि त्या पानावर तीनदा खाडाखोड करावी लागली. त्या खाडाखोडीचीच ही हकीकत.

माथेरान सासूबाईंच्या मनात फार वर्षांपासून होतं. लग्न झाल्यावर मामंजींनी ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणून सांगितलं होतं, आणि ते पुढचं वर्ष काही उगवलं नाही. आता मामंजी जाऊनही सहा वर्षं झाली. शाळेत तासिका तत्त्वावर शिकवून मिळणाऱ्या मानधनातून मी थोडे थोडे बाजूला टाकले होते. म्हटलं, यंदा आईंना माथेरान दाखवायचंच, आणि तेही आपल्या पैशांनी.

मोबाईलवर हॉटेल शोधलं. तीन मोठी माणसं, दोन मुलं असं नीट भरलं. एका रात्रीचे चार हजार, म्हणजे दोन रात्रींचे आठ हजार. वहीत आठ हजार लिहिलेसुद्धा. पण पैसे भरायच्या अगदी शेवटच्या पानावर ५ टक्के जीएसटीचे चारशे आणि ‘सुविधा शुल्क’ म्हणून साडेतीनशे आले. कपाळाला आठी पडली. पण तोवर सगळ्यांची नावं, वयं भरून झाली होती, मुलं खांद्यावरून डोकावत होती. ‘आता कुठे परत शोधत बसायचं?’ असं म्हणून भरले ८,७५०. पहिली खाडाखोड ती.

माथेरानची वाट मात्र अशी गोड, की माणूस हिशेब विसरावा! नेरळला उतरलो. नेरळहून वर जाणारी ती इवलीशी गाडी १९०७ सालची, आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली. रूळ फक्त दोन फूट रुंदीचे. तिची तिकिटं काही आम्हाला मिळाली नाहीत, म्हणून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत गेलो. त्यापुढे मोटार नाही, हेच माथेरानचं वैभव. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी ही जागा हेरली, तेव्हापासून गावात चालणं आहे ते पायांचं आणि घोड्यांचं. आता थोड्या ई-रिक्षा आल्या आहेत, तेवढ्याच.

नाक्यावर नगरपरिषदेचा प्रवासी कर भरला, पावती घेतली. तिथेच ‘घोडा घ्या, चालत फार लांब आहे’ म्हणणारे दोघेतिघे मागे लागले. खरं तर नाक्याजवळच अमन लॉज स्टेशन आहे, आणि तिथून गावापर्यंत छोट्या गाडीच्या फेऱ्या चालू असतात. पाहुण्यांना अशी अर्धवट माहिती देऊन फसवतात, म्हणून माथेरानकरांनीच २०२५ च्या मार्चमध्ये गाव बंद ठेवलं होतं. आपल्या गावाची अब्रू जाते याची चीड गावालाच येते, हे मला फार मोलाचं वाटलं. हातरिक्षात बसायला आईंनी साफ नकार दिला. “माणसानं माणसाला ओढायचं? मला नाही पाहवत,” म्हणाल्या. सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये हेच सांगून त्या बंद करायला सहा महिन्यांची मुदत दिली होती. आम्ही गाडीने गेलो. खिडकीतून झाडांच्या फांद्या हाताला लागत होत्या आणि आई लहान मुलीसारख्या हसत होत्या.

हॉटेलच्या दारात मात्र ते हसू मावळलं.

काउंटरवरच्या मुलाने आमचं बुकिंग पाहिलं आणि एक कागद पुढे सरकवला. तिसऱ्या मोठ्या माणसाच्या जादा गादीचे रात्रीला हजार, म्हणजे दोन हजार. चोवीस तारखेचं ‘गाला डिनर’ सक्तीचं : मोठ्यांना पंधराशे, मुलांना साडेसातशे. त्याचे सहा हजार. एकूण आठ हजार, करासकट. म्हणजे जेवढ्याची खोली, तेवढाच न सांगितलेला खर्च!

“पण आमच्या सासूबाई रात्री कपभर दूध घेतात आणि आठला झोपतात,” मी म्हटलं.

“जेवा, न जेवा, मॅडम, चार्ज लागतोच.”

आमचे हे गप्प झाले. मुलं एकमेकांकडे पाहू लागली. आणि आई काय म्हणाल्या असतील? कनवटीची छोटी पिशवी काढून म्हणाल्या, “अगं, माझ्यामुळेच गादी वाढली ना? हे घे. नाहीतर असं करा, मी खाली नेरळला जाऊन परतीच्या गाडीत बसते. तुम्ही राहा दोन दिवस. मी पाहिलं की माथेरान!”

मैत्रिणींनो, आठ हजारांचं दुःख मी केलं असतं आणि विसरले असते. पण ज्या माणसासाठी एवढा घाट घातला, त्यालाच आपण ओझं आहोत असं वाटावं, हे मला सोसवेना. लपवलेला खर्च हा नेहमी घरातल्या सगळ्यात काटकसरी माणसाच्या काळजावर जाऊन बसतो. बाकीचे ‘जाऊ दे’ म्हणतात; ते माणूस मात्र रात्रभर बेरीज करत पडतं.

मी आईंना व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसवलं आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, तक्रार नोंदवायला काय काय लागेल ते सांगितलं. मग काउंटरवर परत गेले. बुकिंगचा कागद पुढे ठेवला. त्यात ‘तीन मोठे’ स्पष्ट लिहिलेलं होतं आणि जेवणाचा शब्दही नव्हता. म्हटलं, “मी भांडत नाही. पैसे भरताना हा आकडा मला कुठे दाखवला होता, तेवढं दाखवा. दाखवता येत नसेल, तर ‘हरकत नोंदवून पैसे भरले’ असं मी बिलावर लिहिणार आणि तक्रार करणार.” मॅनेजर आले. बरंच पुढेमागे होऊन गादीचे दोन हजार आणि आईंच्या ताटाचे पंधराशे वजा झाले. उरलेले साडेचार हजार भरले, पण बिलावर हरकत लिहूनच. दुसरी आणि तिसरी खाडाखोड अशी एकाच तासात झाली.

घरी आल्यावर थोडं वाचलं, ते तुम्हालाही सांगते, कारण ही वेळ कुणावरही येते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि ऑनलाइन विक्रीतल्या १३ फसव्या क्लृप्त्यांवर बंदी घातली. त्यातली एक ‘ड्रिप प्रायसिंग’. म्हणजे सुरुवातीला कमी किंमत दाखवायची आणि मग थेंबाथेंबाने वाढवत न्यायची, किंवा पैसे भरताना दाखवलेल्या रकमेपेक्षा नंतर जास्त मागायची. ठिबक सिंचन शेतात चांगले, बिलात नव्हे! दुसरी क्लृप्ती ‘बास्केट स्नीकिंग’ : आपण न मागता विमा किंवा देणगी हळूच बिलात घालायची. तेव्हा शेवटच्या पानावर आधीच केलेली बरोबरची खूण दिसली, तर ती आधी काढून टाका.

आता कर आणि शुल्क यांतला फरक. जीएसटी सरकारचा, तो द्यावाच लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर तो ५ टक्के आहे, त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. ‘सर्व्हिस चार्ज’ मात्र सरकारचा नव्हे. तो हॉटेलने आपोआप बिलात लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे ४ जुलै २०२२ रोजी आली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती उचलून धरली. सेवा आवडली तर आपण खुशीने द्यावे, सक्ती नाही.

आणि हे दुखणं काही आपल्याकडेच नाही बरं का. अमेरिकेत हॉटेलवाले ‘रिसॉर्ट फी’ अशीच मागाहून लावत. तिथे १२ मे २०२५ पासून सक्तीचे सगळे शुल्क धरूनच खोलीचा दर दाखवावा, असा नियम लागू झाला आहे.

तेव्हा पुढच्या सहलीआधी एवढं करा. हॉटेलला स्वतः फोन करा आणि एकच प्रश्न विचारा : “आम्ही इतकी माणसं, इतक्या रात्री, निघताना हातात पडणारं बिल एकूण किती?” नाताळ, ३१ डिसेंबर, दिवाळीची सुटी असेल तर सक्तीचं जेवण आहे का, हे मुद्दाम विचारा. जादा गादी, मुलांचं वय, आगाऊ भरलेल्या पैशांचं काय, हेही विचारून घ्या. उत्तर मेसेजवर लेखी मागा. पैसे भरायच्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. मी तो ठेवला नव्हता, म्हणून मला बोलताना अडखळावं लागलं. आणि तक्रार पुढे न्यायची झालीच, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्कही नाही.

आता राहिलं माथेरान. दुसऱ्या दिवशी सकाळी आईंना शार्लोट तलावाजवळच्या पिसरनाथाच्या देवळात नेलं. तांबड्या मातीने त्यांच्या लुगड्याचे काठ लालेलाल झाले. माकडांनी धाकट्याच्या हातातली चिक्की पळवली, तेव्हा त्या खळखळून हसल्या. संध्याकाळी लुईझा पॉइंटवर बसलो. समोर प्रबळगडाचा पहाड, खाली निळसर धुकं. आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ह्यांनी सांगितलं होतं तसंच आहे गं.”

परतताना त्यांनी वही मागितली. माझं खाडाखोडीचं पान पाहिलं आणि सगळ्यात खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली : ‘दस्तुरीचा कर. पावती मिळाली. तक्रार नाही.’