माळ्यावरचं क्रिकेट

मुलं मोठी होतात, शिकायला-नोकरीला बाहेर पडतात; त्यांचा पसारा मात्र आपल्याच माळ्यावर राहतो. कुणाकडे काडेपेट्यांचे छाप असतील, कुणाकडे पोस्टाची तिकिटं. आमच्या पानशेतच्या घरी आहेत ती क्रिकेटपटूंची कार्डं. पत्र्याचे दोन डबे आणि एक बुटांचं खोकं, अगदी काठोकाठ! मोजली तेव्हा एकोणीसशेच्या वर भरली.

ही हौस काही आमच्याच घरातली नव्हे. १९८७ च्या विश्वचषकाच्या सुमारास बिग फन बबलगमबरोबर क्रिकेटची चित्रं मिळत. पुढे ट्रम्प कार्डांचं वेड आलं. कार्डावर खेळाडूचा फोटो आणि खाली सामने, धावा, बळी, झेल. ज्याचा आकडा मोठा, त्यानं समोरच्याचं कार्ड जिंकायचं. २९ फेब्रुवारी १९९६ ला पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर केनियानं वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळलं, लारा ८ धावांवर बाद झाला, तेव्हा आमचे चिरंजीव दहा वर्षांचे होते. दुसऱ्या दिवशी शाळेत लारा कुणालाच नको झाला, आणि यानं सगळ्यांचे लारा गोळा करून घरी आणले!

यंदा पावसाळ्याआधी कौलं उतरवून पत्रे टाकायचे ठरले. त्यामुळे माळा रिकामा करणं आलं. हे म्हणाले, "रद्दीत देऊन टाक." पण मुलाला फोनवर नुसतं विचारलं, तर तो घाईघाईनं म्हणाला, "आई, हात लावू नकोस. अमेरिकेत असलं एकेक कार्ड कोटीनं विकलं जातं. एखाद-दोन हप्ते निघाले तरी पुष्कळ."

त्याची नोकरी जाऊन चार महिने झाले होते. घराच्या कर्जाचे हप्ते चालू होते. एरवी पैशाबद्दल चकार शब्द न काढणारा मुलगा हप्त्यांची गोष्ट खोक्याच्या निमित्तानं बोलून गेला, आणि माझ्या पोटात कालवलं.

मग मी नातीला मोबाईल घेऊन शेजारी बसवलं आणि नीट माहिती काढली. अमेरिकेतली गोष्ट खरी आहे, बरं का! होनस वॅग्नर नावाच्या बेसबॉल खेळाडूचं, १९०९ ते १९११ च्या दरम्यान सिगारेटच्या पाकिटातून निघालेलं एक कार्ड २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलरना विकलं गेलं. पण का? तर त्याची छपाई लवकर थांबली आणि जगात ती मोजकीच उरली. उलट १९८० नंतरच्या दशकात तिथे कार्डांची किंमत वाढणार म्हणून कारखान्यांनी ती भरमसाट छापली आणि लोकांनी जपून ठेवली. सगळ्यांनीच जपली, म्हणून आज त्यांतल्या बहुतेकांना कुणी विचारत नाही. आपल्या ट्रम्प कार्डांचंही तेच. शिवाय आमची तर खेळून-खेळून कोपरे गेलेली.

हे फोनवर सांगायचं नाही, असं मी ठरवलं. रविवारी त्याला बोलावलं. जुनं लुगडं अंथरलं, त्यावर डबे ओतले आणि आम्ही तिघी-चौघं निवडायला बसलो. बोलता बोलता मी वॅग्नरची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. सासूबाईंचं माहेर धरणाच्या पाण्यात गेलेलं. गाव सोडताना त्यांच्या आईनं जातं उचलून आणलं होतं. त्या म्हणाल्या, "अरे, त्या जात्याला तरी कुणी काय दिलं असतं? आणायचं होतं म्हणून आणलं. तुला ठेवायचीत ती ठेव. हप्त्याचं मात्र बापाशी बोल." आणि तो बोलला. सोमवारी बापलेक मुदत वाढवून मागायला बँकेत गेले. मुदत मिळाली. नोकरी अजून शोधतोच आहे. पण रात्री जेवतो नीट.

तुमच्याही माळ्यावर असं काही असेल, तर आमच्या अनुभवाचे चार शब्द:

आधी पूर्ण संच, खेळाडूची खरी सही असलेली आणि फार जुनी कार्डं वेगळी काढा. तेवढीच जाणकाराला दाखवा. बाकीच्यांसाठी भाव विचारत हिंडण्यात बसभाडंही सुटत नाही.

रबरबँड आधी काढून टाका. तो कडा कापतो, आणि पुढे वितळून चिकटतो. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीलाही ओल येते, म्हणून ठेवायची ती कोरड्या दिवशी, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावीत. जमिनीपासून उंच, बाहेरच्या भिंतीला न टेकवता. दिवाळीत एकदा उघडून कसर लागली नाही ना, ते पाहावं.

प्लॅस्टिकचा मुलामा असलेली कार्डं रद्दीत घेत नाहीत. पण बंबात किंवा चुलीत मुळीच घालू नका. तो धूर वाईट. गुळगुळीत नसलेली, साध्या पुठ्ठ्याची तेवढी रद्दीत चालतात.

उरलेल्यांचे पन्नास-पन्नासाचे गठ्ठे करून शाळेत द्या. आमच्या इथल्या गुरुजींनी आनंदानं घेतले. बेरीज, वजाबाकी, सरासरी, नकाशात देश शोधणं, सगळं त्यावर होतं. मुलांना सरासरी शिकवायला धावांइतकं सोपं साधन नाही.

आमच्याकडे आता एकच डबा उरलाय. त्यात साठेक कार्डं आहेत, त्यांतली अकरा लाराची. ती काही केल्या देईना!

आणि एक. डबा मुलाला न विचारता रिकामा करू नका. त्यात तो काय ठेवून गेलाय, हे आपल्याला बाहेरून दिसत नाही.