जमाखर्चाच्या पलीकडे

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने धर्मावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु धर्माचा आणि हिशेबाचा संबंध आपण समजतो त्याहून फार जवळचा आहे. पापपुण्याचे खाते, चित्रगुप्ताची वही, नवसाची फेड, देवाऋषींचे ऋण हे सारे शब्द आमच्या वर्गातल्या फळ्यावरही शोभतील. निर्ण्याकडच्या आम्हा मुलांना तर ते दोन भाषांतून भेटतात. मराठीत 'साल' म्हणजे वर्ष आणि कन्नडमध्ये 'साल' म्हणजे कर्ज. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात दोन्ही अर्थ एकदमच खरे ठरतात!

माझी एक मावशी आहे. सोमवार, चतुर्थी, एकादशी हे तिचे ठरलेले उपवास. धाकट्या मुलाला फिट्स येऊ लागल्या, तेव्हा कुणीतरी तिला सांगितले की, एका व्रताचे उद्यापन राहिले त्याचे हे फळ. उद्यापन झाले; फिट्स थांबल्या नाहीत. मग आणखी काय राहिले याचा शोध सुरू झाला. आता डॉक्टरांच्या गोळ्यांनी मुलगा बरा आहे, पण मावशीचा शोध चालूच आहे. पानावर बसली तरी ती मनात काहीतरी मोजत असते. जिची बाकी कधीच शून्य होत नाही, अशी ही वही माणसाने लिहायची तरी किती?

हा प्रश्न पंडिता रमाबाईंना फार लहान वयात पडला. त्यांचा जन्म 1858 साली आपल्याच कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान आणि कमालीचे नेमनिष्ठ. सारे कुटुंब तीर्थे हिंडले, पुराणे सांगितली, उपास केले, दानधर्म केला. 1870 च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि बहीण अन्नावाचून गेली. शास्त्रात सांगितलेले सर्व केले, तरी हाती काही आले नाही. उरलेली दोघे भावंडे पायी देश तुडवत कलकत्त्याला पोचली. तोवर त्यांची जुनी श्रद्धा ढासळली होती.

1883 मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा तिथल्या भगिनी करीत होत्या. ही सेवा कशासाठी, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. ती त्यांच्या मनाला भिडली.

येथेच गोष्ट संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. धर्म बदलला की वही मिटते, असे नाही. कित्येकदा नुसता पुठ्ठा बदलतो. वाँटेजला रमाबाईंचे खटके उडाले ते नियमांवरूनच. त्यांनी शाकाहार सोडला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. पुढे 1907 साली लिहिलेल्या आत्मकथनात त्यांनी सांगितले आहे की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. चर्चला जाणारा माझा एक वर्गमित्र हे ऐकून हसला. किती रविवार चुकले याची वही आमच्याकडेही असते, असे तो म्हणाला.

मग त्यांना नवे काय सापडले? कृपा. कन्नड-मराठीत शब्द जवळजवळ एकच आहे, पण आपण तो फार स्वस्तात वापरतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रार्थनेत पापासाठी 'ऋण' असाच शब्द आहे, म्हणून मी माझ्या विषयाच्या भाषेत सांगतो. कर्ज माफ झाले म्हणजे ते हवेत विरले असे होत नाही. ऋणको सुटतो आणि ती रक्कम बुडीत कर्ज म्हणून धनकोच्या नफा-तोटा खात्यात नावे पडते. तोटा कुणीतरी सोसतोच. तो देवाने स्वतः सोसला, हे ख्रिस्ती श्रद्धेचे म्हणणे. क्रूस म्हणजे त्या नोंदीची जागा. मी ख्रिस्ती नाही. परंतु माफीला किंमत असते आणि ती माफ करणारा भरतो, हा विचार मला कुठल्याही हिशेबापेक्षा मोठा वाटतो.

यावर कोणी म्हणेल, अशा माफीने माणूस मोकाट सुटेल. कर्जमाफीच्या आशेने हप्ते थकवणारे आपण पाहतोच. ही शंका खुद्द पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात घेतली आहे. तिचे उत्तर मला रमाबाईंच्या आयुष्यात दिसते. मोकळ्या झालेल्या या बाईने विश्रांती घेतली नाही. 1896 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली केडगावला आणल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. 1912 साली त्यांनी गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, ख्रिस्ती हायस्कूल काढले. मुलगी मनोरमा तेथे मुख्याध्यापिका झाली. स्वतःच्या खात्याची धास्ती असणाऱ्याला दुसऱ्याकडे पाहायला सवड नसते. ती धास्ती गेली की हात रिकामे होतात आणि कामाला लागतात.

केडगावलाही घंटा होती, वेळापत्रक होते. तेव्हा नेम वाईट असे मी म्हणत नाही. उपास जरूर करावा, वारी करावी, प्रार्थनेला जावे. फक्त ती देवाला भरलेली किंमत समजू नये. बाराव्या शतकात आपल्याच बीदर जिल्ह्यातील कल्याणात बसवण्णांनी कर्मकांडाला हाच प्रश्न विचारला होता. पंढरीच्या देवळात ज्याला पाऊल टाकू दिले नाही, त्या चोखोबाच्या समाधीपुढे आज त्याच महाद्वारी वारकरी माथा टेकतात. नियमाने ज्याला बाहेर ठेवले, त्याला देवाने जवळ केले, हे आपल्या मातीला अगदीच अपरिचित नाही.

भीतीने केलेल्या शंभर उपासांपेक्षा मोकळ्या मनाने भुकेल्याला दिलेली एक भाकरी मला अधिक धार्मिक वाटते. तीही, देऊन झाल्यावर, वहीत लिहू नये.