शिरोबिंदूचा ठाव

‘अन्वस्त’ हा शब्द कानाला अवघड वाटला, तरी ती वक्ररेषा आपल्या नित्य पाहण्यातली आहे. कारंज्यातून तिरपी उडालेली पाण्याची धार जवळजवळ त्याच वळणाने जाते. जेथे ती रेषा चढायची थांबून उतरू लागते, अथवा उतरायची थांबून चढू लागते, तो तिचा शिरोबिंदू.

य = क्ष² हा या कुळाचा मूळ आलेख. वर्ग शून्याखाली कधीच जात नाही; म्हणून त्याचा शिरोबिंदू तळाशी, (०, ०) येथे असतो. आता य = क्ष² − ६क्ष + ११ घ्यावे. ६ चे निम्मे ३, त्याचा वर्ग ९. ११ मधून ते ९ वेगळे काढले की उजवी बाजू (क्ष − ३)² + २ अशी होते. म्हणजे मूळचीच रेषा, आकार न बदलता, ३ घरे उजवीकडे व २ घरे वर सरकली. शिरोबिंदू (३, २).

माझ्याकडे सायंकाळी शिकावयास येणारी शेजारची एक मुलगी नेमकी येथेच अडली होती. कंसात वजा असता रेषा उजवीकडे का, या तिच्या प्रश्नाला “नियमच तसा आहे” एवढेच उत्तर पूर्वी मिळालेले. आणि पुढील वर्षी गणित सोडावयाचे तिने ठरविलेही होते. मी म्हटले, “कंसाचा वर्ग शून्य केव्हा होतो, ते पाहा.” बराच वेळ ती कागदाकडे पाहत राहिली. “क्ष ३ असताना! म्हणजे आजोबा, तळ गाठायला ३ पर्यंत जावेच लागते.”

मग तिनेच २क्ष² + ८क्ष + ५ चे २(क्ष + २)² − ३ केले आणि (−२, −३) हा बिंदू दाखविला. बाहेरचा २ रेषा अरुंद करतो, पण शिरोबिंदू हलवीत नाही, हेही तिने आपणहून सांगितले.

वर्ग पूर्ण करण्याची ही युक्ती आपल्याकडे जुनी आहे. श्रीधराचार्यांची रीत भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘बीजगणित’ ग्रंथात नोंदविली. आलेख मात्र त्यांच्यापुढे नव्हता. बीजगणित व भूमिती यांची ती सांगड १६३७ मध्ये देकार्तच्या ग्रंथाने घातली.

‘−ब भागिले २अ’ हे सूत्र ती मुलगी अजूनही मधूनमधून विसरते. पण आता ती वही मिटत नाही; समासात वर्ग पूर्ण करून ते पुन्हा काढते. गणित सोडण्याची गोष्ट तिने त्यानंतर काढलेली नाही.