शनिवारची पोळी

मैत्रिणींनो, शनिशिंगणापूर तुमच्यापैकी कितीतरी जणींनी पाहिलं असेल. पण सोनई? "हो, गाडीतून जाताना लागली होती खरी," असंच म्हणाल ना! मीही लग्नाला बावीस वर्षं होईपर्यंत हेच म्हणत होते, आणि तेही माझी सख्खी नणंद सोनईत दिलेली असताना! दर वेळी वन्सं म्हणायच्या, "शिंगणापूरला येऊन परस्पर जातेस. दोन दिवस राहायला कधी येशील?" आणि दर वेळी मुलांच्या परीक्षा नाहीतर पाहुणे आडवे यायचे. अखेर या जानेवारीत मी निघाले. एकटी निघाले बरं का! एस.टी.त २०२३ च्या मार्चपासून आपल्याला अर्धं तिकीट आहे. मग 'ह्यां'च्या रजेची वाट कशाला बघायची?

वाट अगदी सोपी आहे. पुण्याहून नगर गाठायचं. आता त्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे, पण जिभेवर अजून नगरच येतं. तिथून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यानं घोडेगाव, आणि घोडेगावाहून आत वळलं की शिंगणापूर. तिथून सोनई पाच-सहा किलोमीटर. शिर्डीकडून येणाऱ्यांना राहुरीवरून आधी सोनई लागते, मग शिंगणापूर. म्हणजे देवाच्या दारातलंच गाव म्हणा ना! (दारातलं म्हणायचं खरं, पण शिंगणापूरच्या घरांना दारं नसण्याची जुनी रीत आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे.)

सोनई नेवासे तालुक्यातली. मुळा धरणाच्या कालव्याचं पाणी या बाजूला फिरलं आणि ऊस आला, उसामागून साखर कारखाना आला. जानेवारीत जाल तर गळीत हंगाम ऐन भरात असतो. पहाटे धुकं, त्यात मळीचा आंबूस वास, आणि रस्त्यावर उसानं भरलेल्या ट्रॉल्या नि बैलगाड्या. बीड, पाथर्डी, आष्टीकडून आलेली तोडकरी माणसं पाचटाच्या खोप्या घालून राहिलेली. थंडी इतकी, की वन्संच्या चुलीजवळून उठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी शनिवार. वन्संनी बाजरीच्या भाकरी थापल्या. मी मात्र गव्हाच्या दोन पोळ्या करून त्यांना भरपूर तेल लावलं आणि डब्यात भरल्या. वन्संनी विचारलं, "या कुणासाठी?"

"काळ्या कुत्र्यासाठी," मी म्हटलं. "शनिवारी काळ्या कुत्र्याला तेलाची पोळी घातली की शनिमहाराज प्रसन्न होतात म्हणतात. ह्यांची साडेसाती चालू आहे ना!"

वन्सं काही बोलल्या नाहीत. नुसतं हसल्या.

शिंगणापूरला दर्शन छान झालं. देवावर छप्पर नाही, उघड्या चौथऱ्यावर काळी शिळा उभी. या चौथऱ्याची वाट २०१६ च्या गुढीपाडव्याला बायकांनाही मोकळी झाली. शेकडो वर्षांची रीतही माणसांनी ठरवलं तर बदलते, नाही का? दर्शन झाल्यावर मी डबा घेऊन काळं कुत्रं शोधायला निघाले. सापडलं एक. पण त्याच्यापुढे आधीच पोळ्यांचा, बुंदीचा नि पेढ्यांचा ढीग! त्यानं माझी पोळी हुंगली, माझ्याकडे पाहिलं आणि पलीकडे जाऊन पडलं. दुसरंही तसंच. आता आली का पंचाईत!

तेवढ्यात पायाशी काहीतरी आलं. तांबूस रंगाची कुत्री, अंगावर खरूज, पोटाची पार खपाटी, आणि मागे तीन पिल्लं. तिनं नुसतं डब्याकडे पाहिलं हो! आणि मी काय केलं असेल? "हाड!" म्हणून पिशवी उगारली. कारण काय, तर ती काळी नव्हती. तिला पोळी घातली असती तर मोजणीत धरली गेली नसती, असं माझं मन म्हणत होतं. ती शेपूट आत घालून पिल्लांना घेऊन गेली. पोळ्या मी एका दगडावर ठेवल्या, आणि नेम झाला असं मानून मागे फिरले.

वन्संनी सगळं पाहिलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आगं, कुत्र्याचा रंग देवानं पाहिला, का तू?"

मला राग आला, खोटं कशाला सांगू! वाटभर मी गप्प होते. वन्संचं घर सोनईच्या अलीकडे, रस्त्यालाच. घर हाकेच्या अंतरावर आलं, तर ओढ्याच्या पुलाच्या चढाला उसाची बैलगाडी अडलेली. डावा बैल गुडघ्यांवर बसला होता, तोंडाला फेस. गाडीवान त्याची शेपूट पिरगाळत होता, मधूनच पराणीची आर टोचत होता. बैलाच्या खांद्याला लिंबाएवढी गाठ सुजून फुटलेली, तिच्यावर माशा. मी रिक्षातून उडीच मारली आणि ओरडले, "लाज नाही वाटत? मुक्या जिवाला मारता?"

गाडीवान थांबला. खाली मान घातली. बोलली ती त्याची बायको. डोक्याला फडकं बांधलेलं, हातांना उसाच्या पात्यांनी चरे पडलेले. म्हणाली, "बाई, मारायची हौस हाय का आमाला? ही जोडी उचल घेऊन आणलीया. ह्यो बसला, म्हंजी आमीबी बसलो. पहाटं तीनपास्नं उभी हाय मी. आमाला कोन इचारतंय?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. सकाळी मीच नाही का एका भुकेल्या जिवावर पिशवी उगारून आले होते!

वन्संनी मात्र कुणालाच बोल लावला नाही. आधी म्हणाल्या, "जू काढा." गाडीच्या दांडीखाली लाकडाचा टेकू लावून दोन्ही बैल मोकळे केले. मला घरी पिटाळून दोन बादल्या पाणी आणवलं. बसलेल्या बैलानं मान लांब करून पाणी ओढलं तो आवाज अजून माझ्या कानात आहे. शेजारच्या वस्तीवरची दोन पोरं आली. त्यांनी वीस-पंचवीस मोळ्या उतरवून वन्संच्या अंगणात रचल्या. उसाचे पैसे टनावर मिळतात. म्हणून तर गाडी अशी गच्च भरतात! गाडीवान घुटमळला, तेव्हा वन्सं म्हणाल्या, "मोजून ठेव. एक कांडी जायची नाही. उद्याच्या खेपेला ने." मग आपल्या गोठ्यातलं डॉक्टरांनी दिलेलं मलम आणलं, जखम कोमट पाण्यानं धुतली आणि ते लावलं. त्या बाईला चहा नि चटणी-भाकरी दिली. तासाभरानं बैल आपणहून उठला. हलकी झालेली गाडी चढ चढून गेली. पराणी मात्र गाडीवानाच्या काखेतच राहिली.

रात्री वन्सं म्हणाल्या, "पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळण करतो. बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावतो, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी घालतो. पण खांदा तर वर्षभर दुखतो ना गं? एका दिवसाच्या लोण्यानं काय होतं?"

घरी परतल्यावर मी जरा वाचून काढलं. तुम्हालाही सांगते, कारण हे आपल्याला ठाऊक असायला हवं. प्राण्यांना क्रूरपणे वागवणं हा आपल्याकडे १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. पण त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला किती? दहा ते पन्नास रुपये! ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे वेगळे नियम आहेत. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांवर गेला की दुपारी बारा ते तीन अजिबात नाही. १९७६ साली तर प्राणिमात्रांवर दया करणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून घटनेतच आलं. कायदा आहे, पण पुलाच्या चढावर तो कुणाला दिसतो? तिथं दिसतो तो कर्ज काढून जोडी घेतलेला माणूस. त्याला नुसतं रागावून बैलाचं ओझं एका मोळीनंही कमी होत नाही. वन्संनी मोळ्या उतरवल्या, तेव्हा ते कमी झालं.

आणि हे काही आपल्याला नवीन आहे का? या नेवाशातच ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्या ज्ञानेश्वरांनी पैठणला रेड्याच्या पाठीवर हात ठेवला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. एकनाथांनी तहानलेल्या गाढवाच्या तोंडात कावडीतली गंगा ओतली. नामदेवांची भाकरी कुत्र्यानं पळवली, तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी भाकरी त्याला लागू नये म्हणून! ते कुत्रं काळं होतं की तांबडं, हे कुणी सांगितलंय का? नेवासे तालुक्यातच देवगडला दत्ताचं मोठं देवस्थान आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. त्यांना आपण हात जोडतो, आणि देवळाबाहेर येऊन "हाड" म्हणतो.

आता म्हणाल, कुत्री चावतात त्याचं काय? खरंच आहे. लहान मुलांच्या आईची भीती मी खोटी म्हणणार नाही. दया करायची ती शहाणपणानं. वन्संकडे बघा. अंगणाच्या कडेला त्यांची एक दगडी कुंडी आहे, रोज सकाळी धुऊन पाण्यानं भरायची. वाटेवरच्या दोन कुत्र्यांना रोज एकाच वेळी, एकाच जागी, रहदारीपासून दूर भाकरी. गोड नाही, तळकट नाही. पेढे-बुंदी कुत्र्यांना सोसत नाही हो! आणि त्या दोघांनाही पशुवैद्यकीय दवाखान्यातून रेबीजची लस टोचून घेतलेली. शहरात कुत्र्यांची नसबंदी नि लसीकरण करणं हे नगरपालिकेचं काम. २०२३ च्या नियमांत तसं स्पष्ट आहे. तेव्हा आपल्या गल्लीतल्या चार जणींनी मिळून अर्ज द्यावा. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते, तीही बघून ठेवा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की रस्त्यात कुठंही नव्हे, तर नेमून दिलेल्या जागीच खायला घालावं. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्टँड यांच्या आवारातली कुत्री हलवण्याचा आदेश दिला. म्हणून शाळेच्या फाटकाशी पोळ्या टाकू नका.

आणि चावलंच कुत्रं, तर हळद, तिखट, चुना काही लावू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांचा काळ गेला. आता ती दंडात देतात, पण सगळी पुरी करायलाच हवीत. रेबीज एकदा अंगात दिसू लागला की माणूस वाचणं जवळपास अशक्य. गाय, म्हैस, बैल आजारी किंवा जखमी दिसला तर १९६२ हा सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर फ्रिजवर लिहून ठेवा. सिलिंडरच्या नंबराशेजारी मावेल तो!

सोनईहून निघताना एस.टी.ला वेळ होता. वन्संना म्हटलं, "मला परत एकदा शिंगणापूरला नेता?" त्यांनी न विचारताच दोन भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या. मी ती तांबडी कुत्री अर्धा तास शोधली. दुकानांच्या मागे पाहिलं, वाहनतळावर पाहिलं. नाही सापडली. एक पिल्लू दिसलं, तिच्याच रंगाचं, एकटंच. त्याला भाकरी कुस्करून घातली. दुसरी भाकरी तशीच हातात घेऊन गाडीत बसले.

आमच्या गल्लीतही एक तांबडी कुत्री आहे. इतकी वर्षं जिन्यात आली की मी तिच्या अंगावर पाणी फेकत असे. हल्ली रोज संध्याकाळी सहाला मागच्या भिंतीपाशी तिच्यासाठी पोळी नि वाडग्यात पाणी असतं. पहिले चार दिवस मी लांब गेल्याशिवाय ती जवळ आली नाही. माझ्या हाताची तिला ओळख होती ना! पाचव्या दिवशी आली. गेल्या आठवड्यात आम्ही तिघींनी वर्गणी काढून तिला लस टोचून आणली.

'हे' परवा विचारत होते, "अगं, शनिवारची काळ्या कुत्र्याची पोळी बंद केलीस वाटतं?"

म्हटलं, "बंद नाही हो. रोजची केली."