बोटांची ऊब

कार्बन डायऑक्साइड लेसरच्या वाटेत बसणारी झिंक सेलेनाइडची माझी विंडो ०.१४ टक्क्यांवर प्रकाश शोषत नाही, हे मी वर्षानुवर्षं मिरवलं. कोटिंग नसेल तर एकेका पृष्ठभागावरून १७ टक्के प्रकाश परत फिरतो. तो थोपवणं फार कठीण नाही. छळते ती कोटिंगच्या थरात जिरणारी चिमूटभर उष्णता. ४ किलोवॉटच्या बीममध्ये ०.२ टक्के म्हणजे ८ वॉट. विंडो मधोमध तापते, भिंगासारखी वागते, फोकस सरकतो.

मापताना मी १०.६ मायक्रॉनचा २० वॉटचा बीम सोडतो आणि काठाला थर्मिस्टर लावतो. २५ मिलिमीटर व्यासाची, ३ मिलिमीटर जाड विंडो १०० सेकंदांत जेमतेम अंशभर चढते. त्यातला शंभरावा हिस्सा वाचायचा.

यंदा हाताखाली आलेली मुलगी विंडो ठेवून पंचवीस मिनिटं नुसती बसायची. मी पाचव्या मिनिटाला बीमचं शटर उघडणारा. तिचा आकडा आला ०.१९. म्हटलं, ॲसिटोनचा ओघळ राहिला असेल. तिने पुन्हा पुसलं, मापलं. ०.१९. मग मी पावसाळी हवेवर घसरलो. फ्लोराइडचा सच्छिद्र थर पाणी पितो, हे काही खोटं नाही.

एकदा मी स्वतः विंडो ठेवली. तिने रेकॉर्डर आधीच चालू केला होता. "सर, शटरच्या आधीची रेघ बघा ना."

रेघ उतरत होती. हातमोज्यातूनही माझ्या बोटांची ऊब काठातून आत शिरली होती, आणि ती निवत असतानाच मी बीम सोडत होतो. निवण्याने चढ खाल्ला, आकडा देखणा झाला. ज्याला मी सरावलेला हात म्हणत होतो, ती घाई होती.

न मापता लेबलावर 'कमाल ०.२' छापणाऱ्यांना मी जन्मभर नावं ठेवली. त्यांचं लेबल माझ्या वहीपेक्षा खरं निघालं, हे अजून घशाखाली उतरत नाही.

तसाही धंदा आटतोय. पत्रा कापायला फायबर लेसर आले. त्यांच्या १ मायक्रॉनच्या प्रकाशाला क्वार्ट्झ पुरतं. बारामतीत जन्मलेल्या, पुण्यात इंजिनिअरिंग शिकलेल्या सी. के. एन. पटेलांनी १९६४ मध्ये बेल लॅबमध्ये कार्बन डायऑक्साइड लेसर केला, हे मी प्रत्येक नव्या पोराला असं ऐकवतो, जणू शेजारी मीच उभा होतो.

रात्री जुन्या वह्या काढल्या. प्रत्येक नोंद शटर उघडल्यापासूनची; आधीची रेघ कुठेच नाही. सकाळी मी तिला सांगितलं, गिऱ्हाइकाची तक्रार कधी आली नाही. तिने विचारलं नव्हतं.